मागची सीट

विठा भोईर शर्यतीत उतरली की तिची मान सतत मागं वळलेली असायची. ज्यांनी ट्रॅकवरची स्प्रिंट कधी पाहिली नाही त्यांना ते विचित्र वाटायचं. स्प्रिंटमध्ये दोघीच असतात. ट्रॅक वळणावर भिंतीसारखा चढलेला, सायकलला ब्रेक नाही, आणि सुरुवातीचा वेळ दोघी मुंगीच्या पावलानं एकमेकींवर डोळा ठेवून काढतात. कोण आधी सुटतंय याची वाट बघायची. पुढची सुटली की मागची तिच्या पाठीला चिकटते, वारा तिला खाऊ देते आणि शेवटच्या वळणावर बाजूनं निघून जाते. शहाणी पोर मागंच राहते. विठाला मात्र पुढं राहून जिंकायची खोड होती.

ती चिखलोलीची. बाप हिंदुराव, घरी म्हशी आणि भाताची खाचरं. शाळेच्या आधी दुधाचे कॅन सायकलला अडकवून ती अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये रतीब घालायची. त्या क्वार्टर्समध्ये श्रीपाद टिपणीस नावाचे अधिकारी राहत. कॉलेजात असताना ते स्वतः सायकल शर्यतीत उतरलेले. भरल्या कॅननिशी सीटवरून न उठता चढ चढून येणारी ही मुलगी त्यांनी महिनाभर गॅलरीतून पाहिली आणि एका रविवारी हिंदुरावांच्या गोठ्यात येऊन बसले. हिंदुराव काही केल्या ऐकेनात. पोरीच्या जातीनं आखूड चड्डी घालून गावोगाव फिरायचं, उद्या तिला सोयरीक कोण आणणार, हे त्यांचं एकच पालुपद. टिपणीस पुढच्या रविवारी पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. शेवटी हिंदुराव म्हणाले, "न्या बाबा. पन उंद्यापासून रतीब कोन घालील, त्येवढा सांगा."

तिथून विठा पुण्याच्या ट्रॅकवर गेली, तिथून दिल्लीला. राज्याची झाली, देशाची झाली. चिखलोलीत तिच्या मांड्यांवरून बायका हसल्या आणि मग तिचा फोटो पेपरात आल्यावर त्याच बायका ओवाळायला आल्या. आशियाई स्पर्धेत ती उपउपांत्य फेरीपर्यंत पोचली होती. शेवटच्या वळणावर मागच्या मुलीचं चाक तिच्या चाकाला लागलं. विठा लाकडी ट्रॅकवर घसरत खाली आली तेव्हा तिच्या कुशीत लाकडाच्या ढलप्या घुसल्या होत्या आणि खुबा मोडला होता. त्यात स्क्रू घातले. त्यानंतरही दोन हंगाम ती ओढत राहिली, पण ज्या मुलींना तिनं पेडलवर पाय बांधायचे पट्टे कसे आवळायचे ते शिकवलं होतं त्या तिला मागं टाकून जायला लागल्या, तेव्हा ती सायकलवरून कायमची उतरली.

क्रीडा कोट्यातून नोकरी लागली. पतियाळाला जाऊन तिनं कोचिंगचा कोर्स केला आणि गावी परत आली. लग्न झालं नाही. ज्या गावात ट्रॅक नाही तिथं ट्रॅकची कोच, म्हणून लोक तिची थट्टा करत. चिखलोलीच्या वरच्या अंगाला एका बिल्डरनं इमारतींच्या आधी सिमेंटचा गोल रस्ता करून ठेवला होता. त्यावर गाडी नाही, माणूस नाही. विठानं वॉचमनशी गोड बोलून तो रस्ता मिळवला. सकाळी तिथं पोरी यायच्या, घराच्या पडवीत जागच्या जागी सायकल पळवायच्या रोलरवर घाम गाळायच्या, आणि महिन्यातून एकदा टेम्पोत सायकली घालून सगळ्या पुण्याला ट्रॅकवर. कुणी दहावीला सुटली, कुणी लग्नात. टिकली ती एक राजसी. टिपणिसांची धाकटी मुलगी. निवृत्त झाल्यावर ते बदलापूरला राहायला गेले होते, आणि मुलीला त्यांनी स्वतः विठाच्या हाती दिलं होतं. राजसीच्या पायात वेग होता. पण शेजारी दुसरी सायकल आली की ती कचरायची. विठानं चार वर्षं घासलं आणि मनाशी कबूल केलं की ही स्प्रिंटर होणार नाही.

अंजनी तिला ठाण्याच्या अपंगांच्या स्पर्धेत भेटली. विठा तिथं पंच म्हणून गेली होती. भालाफेकीच्या रांगेत एक उंच, काळीसावळी बाई काठी बगलेत धरून उभी होती, आणि तिच्या पोटऱ्या बघून विठाचं लक्ष कामातून उडालं. अंजनी मूळची परभणीकडची. लहानपणीच्या आजारात डोळे गेले. वांगणीला भाडं स्वस्त, आणि तिच्यासारखी बरीच कुटुंबं तिथं राहतात, म्हणून लग्नानंतर ती तिथं आली. नवरा दिनानाथही अंधच. तो स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकायचा. विठानं तिला विचारलं की सायकल चालवशील का. अंजनी म्हणाली की चालवीन की, पण गाडीवाल्यांना आधी कळवून ठेवा.

अंधांच्या शर्यतीला दोन सीटची सायकल लागते. पुढं डोळस, मागं अंध. पुढची दिशा सांभाळते, मागची फक्त ताकद लावते. तसली सायकल विकत घेणं कुणालाच शक्य नव्हतं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात होतचंद नावाचा सिंधी वेल्डर होता. त्यानं दोन जुन्या फ्रेम कापून, जोडून एक लांबलचक सायकल उभी केली आणि वर सांगितलं, "विठा दीदी, ओरिजनल से मजबूत है, बस नाम मत पूछना." पहिल्या दिवशी पुढं विठा स्वतः बसली. गोल रस्त्यावर तिनं वेग वाढवला तशी मागून इतकी ताकद आली की चेन कडकडली. अंजनी मागं हसत होती. एवढ्या वेगानं वारा तोंडावर तिनं कधी घेतला नव्हता. थांबल्यावर तिनं विचारलं की याच्याहून जोरात जाते का ही.

विठाचा खुबा तेवढ्यानंच ठणकायला लागला होता. पुढच्या सीटसाठी दुसरं कोणीतरी हवं होतं, आणि विठाला राजसी सुचली. घड्याळाशी शर्यत, शेजारी कोणी नाही, कचरायचं कारण नाही. राजसी आधी रुसली. स्वतःची शर्यत सोडून दुसरीची ड्रायव्हर व्हायचं, असं तिला वाटलं. पण महिनाभरात तीच सकाळी वांगणीला जाऊन अंजनीला स्कूटरवर घेऊन यायला लागली. दोघींची भाषा ठरली. राजसी वळणाच्या आधी "आलं" म्हणायची, बाहेर पडताना "जा" म्हणायची, आणि पुढं पुढं तेही म्हणेनाशी झाली. अंजनीला तिच्या कमरेच्या हालचालीवरून सगळं कळायचं. पुण्याच्या ट्रॅकवर दोघी पहिल्यांदा वरून खाली झेपावल्या तेव्हा विठा कठड्याला धरून बघत राहिली. आपल्याला जे कधी जमलं नाही ते अंजनीच्या पायांत आहे, हे तिला दिसत होतं.

राष्ट्रीय स्पर्धेत दोघी एक किलोमीटरमध्ये पहिल्या आल्या. अंजनीनं मेडल दिनानाथच्या हातात दिलं, त्यानं ते दातानं चावून पाहिलं, आणि सगळे हसले. विठाच्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता. तेवढा एकच म्हटलं तरी चालेल.

मग सायकलिंग फेडरेशनमधून फोन आला. आशियाई स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. दुसऱ्या एका राज्यातली अंध खेळाडू होती, तिच्यामागं मोठी कंपनी होती, परदेशातून आणलेली सायकल होती, आणि तिची पुढच्या सीटवरची मुलगी जखमी झाली होती. त्यांना राजसी हवी होती. अंजनी राखीव राहील, असं फोनवरचे गृहस्थ म्हणाले. राखीव म्हणजे घरी, हे विठाला सांगावं लागत नव्हतं. शेवटी त्यांनी जाता जाता म्हटलं की तुम्हालाही दिल्लीच्या सराव कॅम्पवर असिस्टंट कोच म्हणून घ्यायचं चाललंय, इतक्या वर्षांच्या अनुभवाचा उपयोग व्हायला हवा. विठानं दोन दिवस मागून घेतले.

त्या संध्याकाळी टिपणीस आले. हिंदुराव वारले त्याला बरीच वर्षं झाली होती. गोठ्याच्या जागी आता पडवी होती, तिथंच ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. बायकोनं, उमाकाकूंनी, दिलेला डबा त्यांनी बाजूला ठेवला. राजसीचा विषय त्यांनी काढलाच नाही. पाय दुखतो का विचारलं, चिखलोलीच्या नवीन स्टेशनचं काम कुठवर आलं विचारलं. चहा झाल्यावर म्हणाले, "तुझे वडील नाही नाही म्हणत होते. मी तरी किती रविवार यायचो. का येत होतो, तुला वाटतं?"

"माहितीये काका," विठा म्हणाली.

"पोरीला एकदाच मिळतं गं."

विठा म्हणाली की राजसीला पाठवते. टिपणीस तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. नंतर विठा स्वतःला सांगत राहिली की त्या माणसानं मला गोठ्यातून बाहेर काढलं, त्याच्या मुलीची वाट मी कशी अडवणार. कॅम्पवरच्या नोकरीचा यात काही संबंध नाही. तेही ती स्वतःला सांगत राहिली.

राजसी रडली. जायचं तर होतं, ते लपत नव्हतं. अंजनीताईला मी नाही सांगू शकत, तुम्ही सांगा, एवढंच तिनं मागितलं. विठानं हो म्हटलं आणि राजसी दिल्लीला गेली.

विठानं ठरवलं होतं की आधी दुसरी मुलगी शोधायची आणि मग सांगायचं. एका हातानं काढून घेताना दुसऱ्या हातात काहीतरी हवं. तोवर अंजनीला म्हणाली की राजसीला ताप आहे. एका जुन्या मुलीला तिनं विचारलं, ती आता कारखान्यात शिफ्टला जात होती. दुसरीच्या आईनं दारातच विचारलं की मागची आंधळी बाई पडली तर जबाबदार कोण. तिसरी दोन दिवस आली आणि अंजनीच्या ताकदीनं घाबरून पळाली. म्हणून विठा रोज पहाटे गोळ्या घेऊन स्वतः पुढं बसायला लागली. खुब्यातून कळ निघायची ती दात चावून सोसायची. अंजनी रोज विचारायची की ताप उतरला का, आणि विठा रोज सांगायची की अशक्तपणा आहे, फोनवरही बोलवत नाही. एकदा अंजनीनं दिनानाथकडून राजसीसाठी मोसंबी पाठवली. विठानं ती घेतली. घरी नेऊन ओट्यावर ठेवली, आणि ती तिथंच सुकली.

शेवटी राजसीनंच फोन केला. विठाला नाही, अंजनीला. तिची समजूत अशी की विठाताईनं केव्हाच सगळं सांगितलंय, आणि अंजनीताई रागावलीय म्हणून फोन करत नाही. नव्या जोडीदारणीशी तिचं जमत नव्हतं. वळणावर सायकल डोलायची, वेळ वाया जायचा. राजसी फोनवर म्हणाली, "अंजनीताई, सॉरी गं, मला माहितीये तू नाराज आहेस. पण वळणात तू मागं नक्की काय करायचीस? इसको समझ में ही नहीं आ रहा, मीच सांगू शकत नाहीये."

अंजनीनं तिला सगळं नीट सांगितलं. ढुंगण सीटच्या मागच्या टोकाला सरकवायचं, आतला खांदा पाडायचा, हँडल आवळायचं नाही, पुढचीच्या पाठीच्या लयीत श्वास घ्यायचा, आणि वळण संपायच्या आधी जोर लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. तिला तुझ्या कमरेला हात लावू दे दोन दिवस, रस्त्यावर, हळू. मग कळेल तिला. राजसीनं हे सगळं नंतर विठाला सांगितलं, तेव्हा तिला अजून माहीत नव्हतं की त्या फोनपर्यंत अंजनीला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी अंजनी नेहमीसारखी रिक्षानं आली. काठी घडी करून पिशवीत टाकली, हेल्मेट घातलं, सायकलच्या दांडीवर हात ठेवून उभी राहिली. बसली नाही.

"राजसीचा ताप कसाय?"

"उतरतोय," विठा म्हणाली.

"दिल्लीत थंडी असंल."

वरच्या इमारतीच्या कामावर क्रेन सुरू झाली होती, तिचा आवाज येत राहिला. अंजनी शांतपणे बोलली. ती ओरडली असती तर विठाला बरं वाटलं असतं.

"तू सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, आणि मंग पाठवली असती. ती पोर हाय. पण तू रोज पुढं बसून मला फिरवत होतीस, विठाताई. जिला दिसत नाही तिच्यापासून लपवायला काय लागतंय? कुणीबी लपवतंय. तूबी तेच केलंस."

विठानं कारणं सांगितली. मुलगी शोधत होते, दोन-तीन ठिकाणी गेले, तुला दुसरी जोडीदार दिली असती आणि मगच. बोलता बोलता तिलाच तिचे शब्द पोकळ ऐकू आले. अंजनीनं हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं आणि रिक्षा मागवायला सांगितलं. रिक्षा येईपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या.

त्यानंतर अंजनी आली नाही. विठा वांगणीला गेली. एकदा, मग परत. दिनानाथनं स्टोव्हवर चहा केला, साखर जास्त झाली का विचारलं. अंजनी नीट बोलायची, आपल्या लहान मुलीच्या शाळेचं, पाण्याच्या टँकरचं. बदलापूरच्या एका केंद्रात तिला मसाजचं काम मिळालं होतं. दुसऱ्या खेपेला विठानं माफी मागितली. पुण्याची एक मुलगी तयार आहे, चांगली आहे, आपण परत सुरू करू, असंही म्हणाली.

अंजनी बराच वेळ मुलीच्या फ्रॉकचं बटण शिवत बसली होती. सुई तिच्या बोटांत चुकत नव्हती.

"मी रागावले नाही गं," ती म्हणाली. "मला भ्या वाटायला लागलंय. परवा रिक्षा जरा जोरात गेली तर मी ओरडले. दिनानाथ हसला मला. आधी कुणाच्याबी मागं बसत होते मी. आता पुढं कोण हाय, काय करतंय, सारखं तेच डोक्यात येतंय. असं बसून सायकल पळत नसती."

कोच म्हणून विठाला ठाऊक होतं की हे बोलणं खरं आहे. तिनं स्वतः राजसीच्या बाबतीत चार वर्षं भीतीशी झगडून पाहिलं होतं, आणि भीतीच जिंकली होती.

आशियाई स्पर्धेत राजसी आणि तिची नवी जोडीदार सहाव्या आल्या. जखमी मुलगी बरी होऊन परतली तसं राजसीला घरी पाठवलं. आल्यावर तिला खरं कळलं. ती विठाच्या पडवीत उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मला तिच्याशी असं बोलायला लावलंत." सायकली न्यायला ती नंतर आली तेव्हा टिपणीस बरोबर होते. त्यांनी विठाकडे पाहिलं नाही, की बघवलं नाही, कोण जाणे. राजसीनं बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला. रविवारी ती वांगणीला जाते, अंजनीच्या मुलीचा अभ्यास घेते, असं विठाच्या कानावर आलं. सायकलचं त्या दोघी बोलतात की नाही, ते कुणी सांगितलं नाही.

चिखलोलीच्या गोल रस्त्याला गेट बसलं. इमारतींत लोक राहायला आले, कडेनं गाड्या लागल्या, आणि वॉचमन बदलला. सकाळच्या पोरी गळत गेल्या. कॅम्पवरच्या नोकरीचा कागद आला तेव्हा विठाकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनं ते शोधलंही नाही. ज्या नोकरीसाठी तिनं दहा वर्षं अर्ज केले होते ती अशी मिळाली. जाण्याआधी ती अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली, बाहेरच्या दगडावर थोडी बसली आणि आत न जाता परतली.

दिल्लीत पहिल्याच महिन्यात संघातून नावं कमी करायची वेळ आली. मोठ्या कोचनं विठाला सांगितलं की यादी बोर्डावर लावून टाका, मुली बघतील आपापल्या. यादी विठानंच केली होती. अंदमानची एक मुलगी त्यात बसत नव्हती. वीसेक वर्षांची, मागं न बघता पळणारी, आई मासळी विकायची. विठा हॉस्टेलवर गेली. मुलगी सायकलची चेन पुसत जमिनीवर बसली होती. विठाचा खुबा वाकत नव्हता, तरी ती तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तेरा नाम नहीं है," ती म्हणाली. "मैंने निकाला है. तेरा टाइमिंग कम पड़ रहा है, और छह महीने में वो आएगा नहीं, ऐसा मुझे लगता है. ग़लत भी हो सकती हूँ."

मुलगी आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग चेनचं फडकं तिनं भिंतीवर फेकलं आणि तिच्या भाषेत काहीबाही बोलली. विठाला शब्द कळले नाहीत, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. मग हिंदीत म्हणाली की तुम्ही लोक आम्हाला इतक्या लांबून आणता कशाला. विठा उठली नाही. मुलगी रडून थकेपर्यंत बसून राहिली, मग मुलीनं तोंड फिरवून तिला जायला सांगितलं. उठताना विठाला पलंगाच्या कडेचा आधार घ्यावा लागला. बाहेर ट्रॅकवर दुपारच्या सरावाची शिट्टी झाली होती, आणि ती जिना एकेक पायरी धरून उतरू लागली.